आवळलेला जबडा

"आ कर गा," म्या बैलाला म्हणलं आन् त्येच्या जबड्यात हात घातला.

आता बैलाचं दात बघताना आपलंबी तोंड आपसूक उघडतं. लेकराला घास भरवताना आई न्हाय का 'आ' करत, तसं. तीस वर्सं सांगोल्याच्या बाजारात बैलांची दलाली केली म्या. किती हजार तोंडं उघडून बघितली आसतील, देवाला ठावं. पर त्या आयतवारी बैलानं तोंड उघडलं, म्याबी उघडलं, आन् माझ्या कानाम्होरं 'कट्' झालं. बैलानं त्येचं मिटलं. माझं मिटंना.

ना मिटंना, ना उघडंना. निम्म्यात आडकलं. लाळ गळाय लागली. डोळ्याम्होरं काजवं. उजव्या कानात कुणी दाभण घातल्यागत झालं, आन् ती कळ मानंतनं खाली खांद्यात, खांद्यातनं बोटापातूर.

"मायाप्पा, तू बैलाचं दात बघतोस का बैल तुझं?" बैलाचा मालक दात काढून हसला.

"आरं, त्येला गिऱ्हाईक बघा कुणीतरी," दुसरा म्हणला. "चार दाताचा, चौसा दिसतोय."

समदी हसली. बोलता आलं आसतं तर एकेकाची आई-माई काढली आसती म्या. पर तोंडातनं नुसतं 'आँ आँ'.

तवा लिंबाखाली बागवान डाक्टर जनावरांना सुया टोचत हुतं. सरकारी डाक्टर, जनावरांचं. माझी त्यांची धा वर्साची वळख. त्यांनी बघितलं, हातातली सुई कंपाउंडरकडं दिली आन् आलं.

"बस खाली. मान ढिली सोड. आरे, ढिली म्हणतोय!" त्यांनी माझाच टॉवेल दोन्ही अंगठ्यांना गुंडाळला, माझ्या खालच्या दाढांवर ठेवला, खाली दाबून मागं रेटला. पुन्हा 'कट्'. तोंड मिटलं. मी भुईवर उताणा.

"घोड्याचा जबडा बसवलाय मी, त्यानं लाथ मारली होती. तू बरा," डाक्टर हसलं. मग माझ्याकडं बघून हसायचं थांबलं. "मायाप्पा, तू केवढा वाळलास रे? किती दिवस झाले हे?"

"काय न्हाय डाक्टर. दाढ दुखतीया."

"दाढ कुठली? दाखव."

"दोन काढल्या की."

"मग आता कुठली दुखती?"

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, लिंबाच्या पल्याड, त्यांच्या फटफटीपाशी नेलं. तितं कुणी नव्हतं. आन् अकरा म्हयनं ज्ये बायकूला सांगितलं न्हाय, ते म्या जनावराच्या डाक्टराला सांगितलं.

"डाक्टर, कुणापाशी बोलू नगा. मला भिवाचं झालंय."

भिवा माझा चुलतभाऊ. तंबाखूची चंची सदा कनवटीला, माझ्यागतच. त्येचं तोंड उघडंनासं झालं. पैल्यांदा भाकरी जाईना, मग भात जाईना. मिरजंला नेला, गालातला तुकडा काढून तपासाय धाडला. कॅन्सर. चार म्हयन्यात गडी गेला. आमच्याकडं समदी म्हणत्यात, सुरी लागली की ते उधळतं, तवर गप पडून ऱ्हातं. म्याबी तेच मानलं. माझं तोंड बोटभर उघडाय लागलं तवाच म्या ठरवलं, सुरी लावून घ्यायची न्हाय. तालुक्याला एका दातवाल्याकडं तेवढा गेलो, दाढ दुखती म्हणून. त्येनं एक काढली. दुखणं तितंच. दुसरी काढली. तरी तितंच. मग कुठं गेलोच न्हाय.

आन् दुखणं तरी एका जागी आसावं की न्हाय! जबड्याचं एक दुखणं, आन् समदं आंग त्येचं पाव्हणं. सकाळी उठलं की डोसकं फुटायचं. कानात रातकिडा बसल्यागत कीर्र. मान वळंना, कुणी हाक मारली की आख्खा मी वळायचो, बैलगाडीगत. चालताना भवंड यायची. उजव्या हाताला मुंग्या. झोप न्हाय. भाकरी चावंना म्हणून दुधात कुस्करून गिळायची, ती किती जाणार? पैरण खुंटीला टांगल्यागत आंगावर लोंबाय लागली. मी आरशात बघायचो आन् मला भिवा दिसायचा.

"अकरा महिने?" डाक्टर म्हणलं. "आणि घरी?"

"घरी कुणाला ठावं न्हाय. पोरीचं लगीन शुक्रवारी हाय. ते झालं की मी मोकळा."

"शुक्रवारी? वैजंताचं? एकोणीस वर्षांची पोर ती! ती नर्सिंगला जाणार होती ना?"

"ती नगं म्हणली."

ते खरंच हुतं. आदल्या साली मिरजंला तिचा नंबर लागला हुता. कागद आला तवा वस्तीवर नाचली पोरगी. मग दोन म्हयन्यांनी आपनहून म्हणली, आबा, मला न्हाय जायाचं, तितं मला करमायचं न्हाय. म्या म्हणलं, बरं झालं. कारण आमच्यात बाप गेला तर वर्साच्या आत लगीन उरकावं लागतं, न्हाईतर तीन वर्सं थांबायचं. बापामागं वर्सात कोण उरकणार? गोकुळा? माझी बायकू साधी, तिला कुणीबी फशी पाडंल. तवा म्या म्हणलं, हात हालतोय तवरच पोरगी चांगल्या घरी द्यावी.

घर मिळालंबी चांगलं. सिदू मेटकरी माझा बाजारातला जुना गडी. त्येचा अंकुश डेरीची दुधाची गाडी चालवायचा. निर्व्यसनी पोरगा. चैतात एका बाजारी सिदूनं माझ्या हातावर टॉवेल टाकला. आमचा सौदा टॉवेलाखाली हुतो, बोलायचं न्हाय, बोटं दाबायची. पर त्या दिशी त्येनं एकबी बोट दाबलं न्हाय. आख्खा पंजा माझ्या हातात दिला आन् म्हणला, "वैजंताला माझ्या घरात दे."

म्या त्येचा पंजा आवळला. झालं. टॉवेलाखालचा हात मागं घेतलेला गडी म्या तीस वर्सात बघितला न्हाय. घेतला तर बाजारात त्येच्या हातात हात देणार कोण?

बागवान डाक्टरांनी समदं ऐकून घेतलं. मग दोन बोटं माझ्या दोन्ही कानांम्होरं ठेवली.

"उघड. हळू. मीट. परत उघड." त्यांच्या बोटाखाली कटकट वाजत हुतं. मग ब्याटरी घेऊन गालात बघितलं, बोट फिरवलं. "जीभ बाहेर काढ. आणखी. मायाप्पा, मी जनावराचा डॉक्टर आहे, माझं ऐकून चालायचं नाही. उद्या सकाळी सहाला तयार राहा. सोलापूरला जायचं."

"सुरी न्हाय लावायची डाक्टर."

"नुसता फोटो काढायचा. सुरी काढली तर मी तुला उचलून पळवून आणतो. मग तर झालं?"

---

सोमवारी घरी म्या सांगितलं, आहेराची कापडं आणाय जातो. फटफटीवर मागं बसून सोलापूर गाठलं. खड्ड्याखड्ड्याला जबडा कळवळायचा.

जबड्याचा डाक्टर पोरगाच हुता, पंचविशी-तिशीतला. त्येनं फोटो काढला. आन् गालात, जिभंखाली, टाळूला, गळ्यात समदीकडं बोटं घालून बघितलं. कानशिलाला दाबलं तवा मी खुर्चीतनं उडालो. मानंत दाबलं, खांद्यात दाबलं. जितं जितं मी अकरा म्हयनं हात लावून बसायचो, नेमकं तितंच त्यो दाबायचा.

"आजोबा, तुमचा धंदा काय?"

मी पन्नाशीत हुतो. आजोबा म्हणला, इतका मी सुकलो हुतो.

"बैलांची दलाली."

"त्यात तोंडाचं काय काम असतं? ओरडावं लागतं?"

"उलटं. टॉवेलाखाली सौदा. समोरच्यानं बोट दाबलं की आपल्या चेहऱ्यावर कायबी दिसू द्यायचं न्हाय. खुशी न्हाय, राग न्हाय. दगड. दात आवळून बसायचं."

"किती वर्षं?"

"तीस."

त्यो पोरगा बागवान डाक्टरांकडं बघत ऱ्हायला. मग म्हणला, "आणि गेलं वर्षभर जास्त आवळताय. झोपेतसुद्धा. दाढा पाट्यागत झिजल्यात तुमच्या. आजोबा, कानापुढं जबड्याचं बिजागर असतं, त्यात एक गादी असते. ती सरकली आहे. आणि आवळून आवळून स्नायू आखडलेत, ते डोक्यापासून खांद्यापर्यंत सगळं ओढून धरतात. कॅन्सरचं एकही चिन्ह मला दिसत नाही."

"तुकडा न काढता कसं कळलं?"

"तुकडा कशाचा काढू? जखम नाही, गाठ नाही, चट्टा नाही. दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवा. आणि तंबाखू आज, इथं, या टोपलीत टाका. हा जबडा तुम्हाला त्रास देणार, कदाचित जन्मभर. शेकायचं, व्यायाम करायचा, रात्री दातावर पट्टी घालायची. पण यानं माणूस मरत नाही."

चंची म्या टोपलीत टाकली. भाईर आलो. दवाखान्याच्या पायरीपातूर आलो. तितंच बसलो.

बागवान डाक्टर चहा घेऊन आलं. "अरे मर्दा, रडतोस काय? जगलास की!"

"डाक्टर," म्या म्हणलं, "शुक्रवारी लगीन हाय."

डाक्टरांच्या हातातला कप तसाच ऱ्हायला.

मी मरणार म्हणून पोरगी दिली हुती. आता मी मरत न्हाय. मग पोरगी कशापायी दिली? भिवा मेला तवा एवढा हाबाडा बसला नव्हता मला. मी मेलो आसतो तर चूक कवा कळली नसती. जगलो तवा कळली.

"आता काय करणार?" डाक्टरांनी इचारलं.

"मला सिदूच्या वस्तीवर सोडा."

"आधी घरी जा. पोरीशी बोल."

"न्हाय. सौदा ज्येच्याशी, बोलणं आदी त्येच्याशी."

---

सिदूच्या दारात मांडव निम्मा उभा हुता. त्यो वासं बांधत हुता. मला बघून हसला.

"या इवाई! चार दिस धीर निघंना व्हय?"

"सिदा, खाली बस. बोलायचं हाय."

त्यो बसला. म्या तोंडातलं एका दमात टाकलं. "मी मरत न्हाय. सोलापुरास्नं आलोय. फोटो काढला. बिजागर बिघडलंय नुसतं. मी जगणार हाय सिदा. आन् म्हणून मी टॉवेलाखालचा हात मागं घेतोय. लगीन नगं. माझ्या तोंडावर थुक, बाजारात माझी अब्रू काढ, तुझा हक हाय."

सिदू वासं बांधायची सुतळी बोटाला गुंडाळत ऱ्हायला. मग म्हणला, "माझ्या पोरानं कापडं शिवलीत. पाच गावांत पत्रिका गेल्यात. माझी म्हातारी आजारातनं उठून शेवया वळतीया. आन् तू म्हणतोस, मरत न्हाय म्हणून नगं."

"चुकलो."

"दुसरा कुणी आसता तर हाच वासा डोस्क्यात घातला आसता त्येच्या."

"घाल."

तवा मला ध्यानात आलं. मी 'मरत न्हाय' म्हणलो, तर त्येनं 'म्हंजे काय' आसं इचारलंच न्हाय.

"सिदा, मी मरत हुतो ते तुला काय ठावं?"

त्यो माझ्याकडं बघंना. मांडवाकडं बघत म्हणला, "वैजंता सांगून गेली की."

"कोण?"

"तुझी पोरगी. माघ म्हयन्यात. एकटी आली, चालत. हितंच बसली. म्हणली, सिदूमामा, आबा जाणार हायेत. त्यांना भिवाकाकाचं झालंय. त्यांना वाटतंय आमाला ठावं न्हाय, तर आमीबी दाखवत न्हाय. पर ते माझ्यासाठी घरं बघाय लागल्यात, आन् मरायच्या घाईत कुणाच्याबी हातात हात देतील. तर तुमी मागा मला. तुमच्या घरी मला पुढच्या साली नर्सिंगला तरी धाडाल. तेवढा शबूद द्या, मी अंकुशशी लगीन करते."

मी भिंतीला टेकलो.

"म्या इचारलं तिला, पोरी, आदल्या साली नंबर लागला तवा का गेली न्हाईस? तर म्हणली, आबांना भाकरी चावत न्हाय, आई त्यांच्याम्होरं रडली तर त्यांना कळंल, मग दुधात कुस्करून कोण देणार?" सिदूनं नाक पुसलं. "त्या दिशी बाजारात तुला वाटलं, तू सौदा मारलास. चेहरा दगडागत केला हुतास. मी आतनं म्हणत हुतो, आरं येड्या, तुझा सौदा तुझ्या पोरीनं दोन म्हयन्यामागंच करून ठेवलाय."

तीस वर्सं मी माणसांची तोंडं वाचली. घेणाऱ्याची पापणी हालली तर मला कळायची. आन् माझ्या घरातली पोरगी रोज म्होरं बसून वाडग्यात भाकरी कुस्करत हुती, तिचं तोंड मला दिसलं न्हाय.

"मग आता?" म्या इचारलं.

"आता काय? मला कशाला इचारतोस?" सिदू वराडलाच. "लगीन ठरवलंस तवा तिला इचारलंस? न्हाय. आज मोडाय आलास, तिला इचारून आलास? न्हाय! आधी तिला इचारून यी. ती हो म्हणली तर शुक्रवारी वऱ्हाड येणार. न्हाय म्हणली तर मी मांडव सोडतो. आन् मग वरीसभर माझ्या दारात तोंड दाखवू नगंस, सांगून ठेवतो. पर तिला इचार!"

---

घरी आलो तर दिवेलागण व्हायची हुती. गोकुळा चुलीपाशी. वैजंता वाडगं घेऊन बसलेली, दुधात भाकरी मोडत.

"आबा, भाकरी आज जरा करपली, म्हणून दुधात घातली," ती म्हणली.

अकरा म्हयनं हेच. कवा करपलेली, कवा शिळी, कवा जुंधळाच कडक. आन् म्या ते ऐकून घेत आलेलो.

"वैजंते, वाडगं ठेव खाली. गोकुळे, तूबी यी हिकडं." म्या खाली बसलो. "मला भिवाचं न्हाय. सोलापुराला दाखवून आलो. जबड्याचं बिजागर बिघडलंय. मी मरत न्हाय."

गोकुळानं आधी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. आन् मटकन बसली. "खरं का हो?" म्हणली. "आवं, रोज राती तुमी पडला की मी नाकाम्होरं हात धरून बघत हुते, शास हाय का न्हाय."

वैजंता हालली न्हाय. मला वाटलं, आता हसंल, रडंल, गळ्यात पडंल. ती उठली आन् तिनं माझ्या छातीवर मूठ मारली. बापाला, आमच्याकडं! एक, दोन, तीन. "का बोलला न्हाईसा?" म्हणत मारत हुती. "का बोलला न्हाईसा? एकदा म्हणायचं हुतं, वैजंते, मला भ्या वाटतंय! आमी तुमच्या मातीची तयारी करून बसलो हुतो आबा! मी तेराव्याला कोण कोण येणार त्ये मनात मोजत हुते!"

म्या तिला मारू दिलं. मग ती दमली आन् माझ्या पायापाशी बसली. हुंदका बसंना तिचा.

म्या म्हणलं, "सिदूकडं जाऊन आलो."

तिनं चटकन मान वर केली.

"त्येनं समदं सांगितलं."

ती वाडग्याकडं बघाय लागली.

"वैजंते, ते लगीन तू माझ्यापायी ठरवलंस. ते कारण आता ऱ्हायलं न्हाय. अंकुश गुणाचा हाय. सिदू तुला शिकवणारबी हाय, शबदाचा पक्का गडी. मांडव उभा हाय, पत्रिका गेल्यात. मोडलं तर बाजारात माझा हात कुणी धरायचा न्हाय, तेबी खरं. पर ते माझं मी बघीन." तेवढं बोलताना माझा जबडा आसा कळवळत हुता की कानात घणाचं घाव. तरी म्या बोललो, कारण हे एकच वाक्य जन्मात कवा बोललो नव्हतो. "तुला करायचंय का हे लगीन? तू सांग."

गोकुळा म्हणली, "आवं, तिला जरा दम तरी खाऊ द्या. राच्याला इचार करंल, सकाळी सांगंल."

म्याबी म्हणलं, "व्हय, सकाळी सांग. घाई न्हाय."

"न्हाय," वैजंता म्हणली.

"सकाळी न्हाय?"

"लगीन न्हाय. करायचं न्हाय मला. मला मिरजंला जायाचं हाय."

तिनं डोळं पुसलं नव्हतं, शास घेतला नव्हता, आईकडं बघितलं नव्हतं. सौद्यात बोट दाबायलासुदीक त्येच्यापरीस जास्त येळ लागतो. एवढा मोठा 'न्हाय' त्या पोरीनं येवढं दिस कुठं धरून ठेवला हुता, मला आजपातूर उमगलं न्हाय.

मी उठलो. आजून उजेड हुता. सिदूची वस्ती दोन कोस. ते वासं त्येनं एकट्यानं सोडाय नगं हुतं.